पूर्णाकाठचा यात्रिक

सातपुड्याच्या दक्षिण उताराशी, गाविलगडचे डोंगर संपून वऱ्हाडची काळी सपाटी जेथे सुरू होते, तेथे अचलपूर आणि परतवाडा ही जोडगावे वसली आहेत. त्यांपैकी अचलपूर पुरातन. वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी म्हणून एके काळी मिरविलेले. परतवाडा त्या मानाने अर्वाचीन. इंग्रजी अमलात छावणीच्या आश्रयाने ते वाढले, मेळघाटातून उतरणाऱ्या सागवानाचा बाजार तेथे भरू लागला, आणि चिखलदऱ्यास जाणारा प्रवासी घाट चढण्यापूर्वी तेथेच विसावा घेऊ लागला. या परतवाड्यात ८ जुलै १९१६ रोजी गोपाल नीलकंठ दांडेकर यांचा जन्म झाला. मराठी वाचक त्यांना गोनीदा या सुटसुटीत नावाने ओळखतो.

गावाच्या नावात 'परत' हा शब्द आहे खरा. परंतु गोनीदांच्या चरित्रात जाणे जितके ठळक आहे तितके परतणे नाही. कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती झाली ती कोकणातल्या खाड्यांच्या, मावळातल्या गडकोटांच्या आणि कर्नाळ्याच्या रानातल्या ठाकरांच्या कथांमुळे. त्यांचे घर झाले ते पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे. त्यामुळे हा लेखक वऱ्हाडचा, असे सांगितले म्हणजे खुद्द अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ वाचकांनाही किंचित आश्चर्य वाटते. वऱ्हाडाने त्यांना काय दिले, आणि इतक्या लहान वयात येथून निघताना त्यांनी काय बरोबर नेले, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

दांडेकर हे आडनाव मूळचे वऱ्हाडचे नव्हे, कोकणचे. परंतु कोकणातील आणि देशावरील कुटुंबे वऱ्हाडात येऊन स्थायिक होणे, ही गेल्या शतकाच्या आरंभी नवलाई राहिली नव्हती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. कापसाच्या गाठी वाहण्यासाठी आगगाडी आली; आगगाडीच्या मागोमाग कचेऱ्या, शाळा, न्यायालये आली; आणि त्या चालविण्यासाठी लिहिणारी-वाचणारी माणसे दूरदूरच्या गावांहून आली. अशा घरातील मुलाला लहानपणीच दोन मराठी भाषा येतात. उंबरठ्याच्या आत 'मला' आणि 'तुला', तर अंगणाबाहेर 'मले' आणि 'तुले'. आत 'डोळा', बाहेर 'डोया'. आत 'कशाला' म्हणून विचारावयाचे, तर बाहेर 'काहून' म्हणून. दोन्ही खऱ्या, आणि कोठे कोणती बोलावयाची हे त्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. पुढे अनेक बोली आपल्या लेखणीत वागविणाऱ्या या लेखकाच्या बाबतीत ही गोष्ट केवळ चरित्राचा तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

१९३०च्या आगेमागे सारा देश महात्मा गांधींच्या हाकेने खळबळून उठला होता. सातव्या इयत्तेत शिकणारा, वयाचे जेमतेम तेरावे वर्ष चालू असलेला गोपाल घर सोडून निघाला, तो स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेण्यासाठी. त्या दिवसांत शाळा सोडलेली मुले थोडी नव्हती. प्रभातफेरीत गावयाचे, लाठीचा एखादा तडाखा सोसावयाचा, आणि चळवळ ओसरली म्हणजे पुन्हा पाटी-पुस्तकाकडे वळावयाचे, असा त्यांतील बहुतेकांचा क्रम. हा मुलगा मात्र वळला नाही. त्याचे शालेय शिक्षण तेथेच संपले आणि उपास, पायपीट, अनोळखी ओसऱ्या यांचे दुसरे शिक्षण सुरू झाले. या वनवासाचे वृत्त त्यांनी पुढे 'स्मरणगाथा' या ग्रंथात सांगितले आहे. त्या ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पराक्रम म्हणून मिरविण्याजोगे त्या पळून जाण्यात काय होते, याचा शोध 'स्मरणगाथे'त घेऊ नये. मागे राहिलेल्या घराला त्या पलायनाची किंमत मोजावी लागली असणार, हे ओळखण्यास तिऱ्हाइताचीही गरज नाही.

भटकणाऱ्या मुलाला आधार लागतो, आणि या मुलास तो एका अशा पुरुषाचा मिळाला की, जो स्वतःच अहोरात्र भटकत होता. तो पुरुष म्हणजे गाडगे महाराज. वऱ्हाडातून बाहेर पडलेल्या मुलाला वऱ्हाडचाच संत भेटावा, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव. वडील अकाली गेले, ते दारूच्या व्यसनापायी. पोर वाढले ते मूर्तिजापुराजवळ दापुरे येथे मामाच्या घरी. तेथे सावकाराने शेत कसे गिळले, हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. १९०५ साली घरदार सोडून डेबूजी निघाला. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे, एवढ्या संसारानिशी त्याने अवघा महाराष्ट्र पायाखाली घातला.

गाडगे महाराजांची रीत अशी की, गावात शिरताच कोणाच्या पायावर डोके ठेवावयाचे नाही आणि कोणाला आपल्या पायावर ठेवू द्यावयाचे नाही. खराटा घेऊन आधी गाव झाडावयाचे. दिवसभर उकिरडे साफ करावयाचे आणि रात्री त्याच लोकांची मने साफ करण्यासाठी कीर्तनास उभे राहावयाचे. त्यांच्या कीर्तनात संस्कृत श्लोक नव्हते, तात्त्विक निरूपणही नव्हते. समोरच्या शेतकऱ्याला त्याच्याच वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न विचारावयाचे आणि त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यावयाचे. कर्ज काढून लग्न करू नये, देवापुढे बकरे कापू नये, दारूस शिवू नये, पोरांस शाळेत घालावे. सांगणे एवढेच, पण हजारोंचा समाज त्या प्रश्नोत्तरांत रात्र रात्र बसून राही. लोकांकडून आलेला पैसा त्यांनी स्वतःच्या अंगास लावला नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथील घाट, मूर्तिजापूरची धर्मशाळा, पंढरपुरास ज्यांना कोणी दारात उभे करीत नसे त्यांच्यासाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा, अशी ती दगडाविटांची कीर्तने आजही उभी आहेत.

या पुरुषाच्या सहवासात गोपाल दांडेकर राहिले, त्यांचा संदेश घेऊन गावोगाव हिंडले. पुढे त्यांनी महाराजांचे चरित्रही लिहिले. परंतु चरित्राहून अधिक महत्त्वाचे ऋण निराळे आहे. निरक्षर मनुष्य केवळ बोलीच्या बळावर विद्वानांनाही हलवू शकतो, हे त्या मुलाने कोवळ्या वयात ऐकले. वऱ्हाडी बोली म्हणजे अशुद्ध मराठी, असे मानणाऱ्या शाळेतून तो नुकताच बाहेर पडला होता. त्याच बोलीत आता तो माणसांना रडताना, हसताना आणि शरमेने मान खाली घालताना पाहत होता. ग्रांथिक भाषेचा आणि लोकभाषेचा जो झगडा मराठी लेखकांना पुढे पुष्कळ वर्षे सतावीत होता, तो गोनीदांच्या मनात कधी उभाच राहिला नाही. कारण त्याचा निकाल गाडगे महाराजांच्या कीर्तनात आधीच लागून गेलेला होता.

यानंतरचा काळ वेदान्ताच्या अभ्यासाचा आणि तीर्थाटनाचा. त्यात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नर्मदेची परिक्रमा. अमरकंटकापासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. परिक्रमेचा नियम असा की, नदी सदैव उजव्या हाताशी ठेवावयाची आणि मध्ये कोठेही तिचे पात्र ओलांडावयाचे नाही. मुखाशी समुद्रात मात्र नावेने पलीकडे जावयाचे. म्हणजे एका तीराने जावयाचे आणि दुसऱ्या तीराने यावयाचे. जवळ पैसा बाळगावयाचा नाही; जे कोणी वाढील ते खावयाचे. वाटेत शूलपाणीच्या झाडीतून जावे लागे. तेथे भिल्ल यात्रिकास लुटतात, आणि हे लुटणे नर्मदामाईच्याच आज्ञेने चालते, अशी परिक्रमावासीयांची जुनी समजूत. लुटला गेलेला यात्रिक लंगोटीवर पुढे चालू लागतो आणि पुढच्या गावात त्यास कोणी तरी वस्त्र देतो. ज्याने एकदा हे अनुभवले त्याला आपले काय आणि दुसऱ्याचे काय, हा भेद पुन्हा पूर्वीइतक्या निश्चयाने करता येत नसावा. या परिक्रमेतून पुढे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी जन्मास आली. तिच्या नावातील 'कुणा एकाची' हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. परिक्रमेत मनुष्याला नाव उरत नाही.

परिव्राजकाचे हे आयुष्य असेच चालते तर मराठीला एक साधू मिळाला असता आणि एक कादंबरीकार मिळाला नसता. पण औंध संस्थानात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याजवळ गोनीदांनी संपादनाच्या कामात साहाय्य केले. सातवळेकर हे मूळचे चित्रकार. नंतर त्यांनी वेदांच्या संशोधनास जन्म वाहिला. तेथे या भटक्याला मेजाशी बसण्याची, मुद्रिते तपासण्याची, शब्द तोलण्याची सवय लागली. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, त्यांनी आणखी एक निश्चय केला : यापुढे केवळ लेखणीवर चरितार्थ चालवावयाचा. विवाह झालेला, पदवी नाही, नोकरी नाही, मागे इस्टेट नाही. महाराष्ट्रात तेव्हा प्राध्यापक, वकील, संपादक हे फावल्या वेळात कादंबऱ्या लिहीत. केवळ लेखनावर संसार उभा करणे हे धाडसच होते. तेराव्या वर्षी घर सोडण्यापेक्षाही ते मोठे म्हटले पाहिजे, कारण या वेळी जोखीम एकट्याची नव्हती. म्हणूनच त्यांच्या नावावर एवढी विपुल पुस्तके दिसतात. कादंबऱ्या, संतचरित्रे, शिवकालावरील कथा, मुलांसाठी गोष्टी, प्रवासवर्णने, सारे काही. त्या सर्वांचा कस सारखा नाही. पोटासाठी लिहिणाऱ्याच्या लेखनात तो सारखा असतही नाही.

तळेगाव दाभाडे येथे त्यांनी घर केले, आणि ही जागा त्यांना मानवली. पुण्या-मुंबईच्या लोहमार्गावरील हे गाव सरसेनापती दाभाड्यांचे. पुढे पैसा फंडाच्या काच कारखान्यामुळे सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालेले. एका अंगास इंद्रायणीचे खोरे, दुसऱ्या अंगास पवनेचे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले एका दिवसाच्या चालीवर. ज्याच्या पायांना भिंगरी बांधलेली, त्याने याहून निराळे गाव निवडलेच नसते. पाठीवर पडशी, हातात काठी आणि गळ्यात छायाचित्रणाचे यंत्र घेऊन गोनीदा वर्षानुवर्षे हे गड चढत राहिले. 'दुर्गभ्रमणगाथा' हे त्या पायपिटीचे फळ. आज शेकडो तरुण दर रविवारी सह्याद्रीत भटकावयास जातात. त्यांतील कित्येकांची पहिली वाट या माणसाच्या पुस्तकातून निघालेली असते.

जन्मभूमी सोडून परक्या भूमीत रुजलेले आणि तेथील माणसांच्याच कथा लिहिणारे भटके कादंबरीकार इतर भाषांतही झाले. गोनीदांच्या शेजारी ठेवून पाहावा असा त्यांतील एक म्हणजे जर्मन भाषेत लिहिणारा आणि मेक्सिको देशात जाऊन राहिलेला बी. ट्रेव्हन. हे त्याचे खरे नाव नव्हे. म्युनिच शहरात १९१९ साली जे अल्पजीवी क्रांतिकारक शासन आले आणि चिरडले गेले, त्यातून निसटलेला रेट मारूट नावाचा लेखक तो हाच, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. १९२६ साली त्याची 'मृत्यूचे जहाज' या अर्थाच्या नावाची जर्मन कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील खलाशाची कागदपत्रे हरवतात, आणि कागद नसलेल्या त्या माणसाला एक देश रात्रीच्या अंधारात दुसऱ्या देशाच्या हद्दीत ढकलून देतो. पुढच्याच वर्षी सिएरा माद्रे पर्वतातील सोन्याच्या शोधाची कथा आली. तिच्यावर निघालेला १९४८ सालचा बोलपट जगभर गाजला. तो बोलपट तयार होत असताना ट्रेव्हनचा मुखत्यार म्हणून एक गृहस्थ तेथे वावरत होते. ते स्वतः ट्रेव्हनच होते, असे पुढे उघडकीस आले. लेखकाला त्याच्या पुस्तकांवाचून दुसरे चरित्र असू नये, या मताचा तो मनुष्य. मेक्सिकोच्या चियापास प्रांतातील रानात महोगनीची झाडे तोडणाऱ्या गरीब आदिवासी मजुरांवर त्याने एकामागून एक सहा कादंबऱ्या लिहिल्या. १९६९ साली तो मेक्सिको नगरात वारला आणि त्याची रक्षा त्याच चियापासमध्ये विखुरण्यात आली.

दोघांत साम्य आहे ते उघड आहे. पुस्तकी विद्येपेक्षा पायांवर भिस्त, दरिद्री रानवासीयांविषयी जिव्हाळा, आणि ज्या भूमीत आपण जन्मलो नाही तिची भाषा कानांनी शिकण्याचा ध्यास. भेद मात्र अधिक बोलका आहे. ट्रेव्हनने स्वतःचे मूळ पुसून टाकले. गोनीदांनी ते 'स्मरणगाथे'त मांडून ठेवले. आणि ट्रेव्हनने बेघर माणसांच्या कथा लिहिल्या, तर गोनीदांनी, स्वतः घर सोडून गेलेले असताना, घर न सोडणाऱ्यांच्या.

त्यांच्या उत्तम कादंबऱ्या नजरेसमोर आणल्या म्हणजे हे लख्ख दिसते. 'पडघवली'तील अंबावहिनी कोकणातले एक गाव डोळ्यांदेखत ओस पडताना पाहते. एकेक घर मुंबईची वाट धरते, एकेका चुलीचा धूर बंद होतो. ही बाई त्या जागेला धरून राहते. 'पवनाकाठचा धोंडी' हा तुंग किल्ल्याच्या परंपरागत हवालदार घराण्याचा. गडावर आता शिबंदी नाही, सरकार नाही, पगार नाही, तरी गडाचा अभिमान त्याला सुटत नाही. 'माचीवरला बुधा' तर परतण्याचीच कथा आहे. मुंबईच्या गर्दीस विटलेला म्हातारा बुधा राजमाचीच्या पठारावर परत येतो आणि झाडे, पाखरे, मुकी जनावरे यांच्या संगतीत उरलेले दिवस काढतो. घटना म्हणाव्या अशा या कादंबरीत जवळजवळ नाहीतच. पाऊस येतो, जातो. एखादे झाड मोहरते. म्हातारा आणखी थोडा म्हातारा होतो. तरी वाचक शेवटच्या पानापर्यंत तेथून हलत नाही. 'जैत रे जैत'मधील ठाकर नाग्याला तर राणी माशी पाहण्याचा एवढा ध्यास की, त्यापायी तो आपल्या रानातल्या सुळक्याशीच झुंज मांडतो. पण ते रान सोडून दुसरीकडे जाण्याचे त्याच्या स्वप्नातही येत नाही. या कादंबरीवरून १९७७ साली जब्बार पटेल यांनी काढलेल्या चित्रपटामुळे ठाकरांचा ढोल घरोघर पोचला.

ज्याने परतवाडा सोडला आणि जो पुन्हा तेथे राहावयास आला नाही, त्याच्या लेखणीतून ही न हलणारी माणसे का उतरावीत? ज्यास घर होते त्यास घराचे मोल कळत नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे. पण येथे ते पुरेसे वाटत नाही. अधिक संभवनीय हे की, दुसऱ्याच्या ओसरीवर रात्र काढणारा मनुष्य त्या घराकडे फार बारकाईने पाहतो. ओसरीवरच्या पाहुण्याला घरातली भांडणे दिसत नाहीत. त्याला दिसतात चूल, दिवा आणि वाढणारे हात. गोनीदांचे बळ याच पाहण्यात आहे, आणि त्यांची मर्यादाही याच पाहण्यात आहे. त्यांची खेडुते बहुधा फार चांगली असतात. दारिद्र्य असते, पण ते दारिद्र्य माणसाला लबाड किंवा कठोर करीत नाही. जमिनीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठतो, हे खेड्यात नित्य दिसणारे सत्य त्यांच्या पानांवर क्वचितच उतरते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची त्यांना घाई असते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो निराधार म्हणता येणार नाही. पण बोलीच्या बाबतीत त्यांच्यावर असा आक्षेप घेता येणार नाही. कोकणातली म्हातारी, मावळातला हवालदार, रानातला ठाकर यांच्या तोंडी त्यांनी जी भाषा घातली ती नाटकी 'गावंढळ' भाषा नव्हे. ती त्या त्या डोंगराची आणि त्या त्या खाडीची भाषा आहे.

मग वऱ्हाडचे काय? या प्रश्नाचे उत्तर 'पूर्णामायची लेकरं' या त्यांच्या कादंबरीत आहे. पूर्णा ही सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि चांगदेवाजवळ तापीस मिळते. तिच्या दोन्ही तीरांवरची जमीन काळीभोर, कसदार. कापूस आणि ज्वारी यांनी नटणारी. पण पोटात पाणी खारे. विहीर खोदावी आणि मचूळ पाणी लागावे, हे या खारपाणपट्ट्याचे जुने दुखणे. जमीन दात्याची आणि पाणी कृपणाचे, अशा मुलखात राहणाऱ्या माणसांचा स्वभावही तसाच घडला : पाहुण्याला जेवल्यावाचून जाऊ द्यावयाचे नाही, पण बोलण्यात गोडवा शोधू नये. वऱ्हाडी मनुष्य प्रेमाने बोलतो आहे की भांडतो आहे, हे परक्याला चटकन उमगत नाही. त्या बोलीतील 'बापा' हा शब्द मुलाला, मित्राला, बैलाला, प्रसंगी देवालाही सारख्याच जवळिकीने लावतात.

ही कादंबरी गोनीदांनी वऱ्हाडी बोलीत लिहिली. ती लिहिली तेव्हा परतवाडा सोडून त्यांना पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. मध्ये कोकणी, मावळी, नर्मदाकाठच्या अनेक बोली कानांवरून गेल्या होत्या. तरी ती वऱ्हाडी शिळी झालेली दिसत नाही. नदीला 'माय' म्हणावयाचे, हे त्यांनी नर्मदेच्या परिक्रमेत शेकडो वेळा ऐकले असेल. पण 'माय' हा शब्द त्यांच्या कानांवर पहिल्याने पडला तो नर्मदेकाठी नव्हे, पूर्णेच्या मुलखात. नर्मदेची परिक्रमा त्यांनी एकदा पायांनी केली. पूर्णेची त्यांना लेखणीने करावी लागली.

१९६० साली उद्धव शेळके यांची 'धग' प्रसिद्ध झाली आणि वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सर्व महाराष्ट्राला पटले. 'धग'मधील कौतिक ज्या भुकेशी झुंजते ती भूक लेखकाने जवळून पाहिलेली आहे, हे पानोपानी कळते. सत्याच्या कसोटीस 'धग' अधिक उतरते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शेळके वऱ्हाडात राहून लिहीत होते. गोनीदा तळेगावच्या घरात बसून. एकाजवळ अनुभवाचा निखारा होता, दुसऱ्याजवळ आठवणीची ऊब. परंतु ज्याने तेराव्या वर्षी गाव सोडले, त्याने त्या गावच्या भाषेत एक सबंध कादंबरी लिहावी, याची बरोबरी मराठीत सहसा सापडत नाही. दुसऱ्या प्रांतात स्थायिक झालेल्या वऱ्हाडी माणसाची बोली दहा-वीस वर्षांत बहुधा लाजून घरात शिरते आणि मुलांच्या पिढीत नाहीशी होते. गोनीदांच्या बाबतीत ती लाजली नाही. तिची लाज गाडगे महाराजांनी कधीच घालवून टाकली होती.

१९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्यास भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी गो. नी. दांडेकर यांची निवड झाली. तेव्हा ते पासष्टीच्या उंबरठ्यावर होते. सातवीतून शाळा सोडलेला मुलगा अर्धशतकानंतर सर्व मराठी लेखकांचा अध्यक्ष म्हणून वऱ्हाडात आला. अकोल्याहून आगगाडीने पूर्वेकडे निघाले म्हणजे मूर्तिजापूर लागते, जेथे गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. त्याच मूर्तिजापुराहून अरुंद रुळांची एक लहान आगगाडी १९१३ सालापासून अचलपुराकडे जात असे. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ती ओळखली जाई. सावकाश चाले, वाटेत कोठेही थांबे, कापसाच्या शेतांमधून रमतगमत सातपुड्याच्या पायथ्याशी पोचे. संमेलनाच्या वेळी ती धावत होती. आता ती बंद झाली आहे. अकोल्याच्या मंडपातील पाहुणा आणि परतवाड्याचे घर यांच्यामध्ये एवढेच अंतर होते.

गाडगे महाराज त्यापूर्वीच, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वाटेत वलगावाजवळ निवर्तले होते. अमरावतीस त्यांची समाधी आहे, आणि तेथील विद्यापीठ आज त्या निरक्षर माणसाच्या नावाने ओळखले जाते. गोनीदा १ जून १९९८ रोजी पुण्यास वारले. त्यांच्या कादंबऱ्या मात्र एका जागी बसल्या नाहीत. कन्या वीणा देव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी त्या कादंबऱ्यांची अभिवाचने सुरू केली. रंगमंचावर नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, दोन-चार माणसे समोर पुस्तक ठेवून बसतात आणि वाचतात. अंबावहिनी बोलते, बुधा बोलतो, ठाकरांचे रान बोलते. अशी ती माणसे एका गावाहून दुसऱ्या गावास, आवाजाच्या आधाराने, पुष्कळ वर्षे हिंडत राहिली.